ओ साहेबांचे नुरुंगजी

चाकण एमआयडीसीत एखादा माणूस सापडत नसेल, तर लोक आधी मला फोन करतात. पोलिसांना नंतर! ही फुशारकी नाही... बरं, थोडी आहे. पण कंपनीत अ‍ॅडमिनला अकरा वर्षं काढलीत राव, आणि या अकरा वर्षांत मी कुणाकुणाला शोधलं नाही! भर शिफ्टमधून गायब झालेला फोर्कलिफ्टवाला शोधला. तो फोर्कलिफ्टसकट चुलतभावाच्या साखरपुड्याला गेला होता. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बुडालेला ऑडिटर शोधला. मी पोचलो तेव्हा बिचारा कॅबच्या आरशात दाढी करत होता.

त्यामुळे ओ साहेबांनी डोळ्यांत पाणी आणून एका माणसाचं नाव घेतलं, तेव्हा मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, डोन्ट वरी! शेखर विल फाइंड. टू डेज!"

तिथंच सगळा घोळ झाला.

ओ साहेब म्हणजे आमच्या कोरियन कंपनीचे क्वालिटीचे साहेब. वय सत्तावन्न. आडनाव खरोखरच 'ओ'. नुसतं 'ओ'! त्यामुळे कारखान्याच्या शॉपवर कुणी "ओ साहेब!" अशी हाक मारली की प्लँटहेड जयसिंग साहेब वळतात, मेंटेनन्सचे साहेब वळतात, गेटवरचा सिक्युरिटीवालाही वळतो. फक्त ओ साहेब वळत नाहीत. त्यांना वाटतं, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत.

माणूस अबोल, पण सोन्यासारखा. गेल्या साली माझे वडील गेले, तेव्हा हे एकटे रिक्षा करून तळवड्याला आमच्या घरी आले. भाषा येत नाही, कुणाची ओळख नाही. आईच्या समोर सतरंजीवर गुडघे दुमडून तासभर नुसते बसून राहिले. जाताना आईला कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेले. आई अजून म्हणते, "समदी बोलून गेली, त्या चिन्यानं न बोलता धीर दिला." चिनी नाही, कोरियन, असं मी शंभरदा सांगितलंय. आईच्या दृष्टीनं हिमालयाच्या पलीकडं सगळं एकच.

तर असे हे ओ साहेब दोन महिन्यांपासून वाळत चालले होते. पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडलेली मी स्वतः पाहिली. कँटीनचे मारुतराव त्यांच्यासाठी जिवाचं रान करत होते. एकदा त्यांनी 'कोरियन नूडल्स' केल्या. वरून गरम मसाला, शेव, कोथिंबीर आणि अर्धं लिंबू! ओ साहेबांनी ताटाला वाकून नमस्कार केला, दोन घास खाल्ले आणि पाणी पिऊन उठले.

मग एका गुरुवारी त्यांनी माझ्या टेबलावर पत्र ठेवलं. 'मला परत कोरियाला पाठवा,' एवढंच. सोमवारी तसा मेल मला हेड ऑफिसला करायचा होता.

आता तुम्ही म्हणाल, विचारायचं ना नीट! पण विचारणार कसं? आमची दुभाषी योगिनी स्वतःच्या लग्नासाठी संगमनेरला गेलेली. फोनमधलं भाषांतराचं अ‍ॅप ओ साहेबांनी कायमचं बंद केलेलं. कारण एकदा मीटिंगमध्ये त्यांना म्हणायचं होतं, "या बोल्टांची काळजी घ्या." आणि फोनमधली बाई सगळ्यांसमोर ठणठणीत आवाजात म्हणाली, "मला या बोल्टांशी लग्न करायचे आहे." त्यानंतर महिनाभर लाईनवरची पोरं बोल्टांना अक्षता टाकत होती.

म्हणून मी माझ्या इंग्रजीवर भरवसा ठेवला.

"साहेब, व्हाय गो? फूड प्रॉब्लेम?"

"नो, नो. फूड ओके," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "ओन्ली... मिस नुरुंगजी."

आणि डोळे भरून आले हो त्यांचे!

नुरुंगजी! नाव कधी ऐकलेलं नव्हतं, पण शेवटी 'जी' होतं. म्हणजे माणूस वडीलधारा. मी लगेच वही उघडली.

"ओल्ड?"

"येस, येस. ओल्ड टाइम. मदर हाऊस. एव्हरी मॉर्निंग, नुरुंगजी."

रोज सकाळी घरी येणारे! मामा असतील, नाहीतर शेजारी.

"हाऊ लुकिंग?"

"थिन," ओ साहेबांचा चेहरा खुलला. "ब्राउन. लिटल... बर्न."

"बर्न? फायर?"

"येस! फायर!"

अरेरे! भाजले होते बिचारे. मी लिहून घेतलं: अंगानं बारीक, रंग सावळा, भाजल्याच्या खुणा.

"नेचर? हाऊ नेचर?"

त्यांनी जरा विचार केला. "हार्ड. बट हॉट वॉटर गिव्ह... सॉफ्ट!"

कडक माणूस, पण चहापाणी केलं की विरघळणारा. असे तर आमच्या तळवड्यात पन्नास आहेत! मग त्यांनी हातानं काहीतरी खरवडल्यासारखं करून दाखवलं. खर्र, खर्र. मी लिहिलं: धंदा सुतारकाम.

"ही इज इन चाकण?"

"चाकण, आय सर्च," ते मान हलवत म्हणाले. "मार्केट, हॉटेल, एव्हरीव्हेअर. नो नुरुंगजी."

परक्या मुलुखात हा माणूस हॉटेलाहॉटेलात जाऊन एका म्हाताऱ्याला शोधतोय! मला भरून आलं. तेव्हाच मी ते छातीवर हात ठेवण्याचं काम केलं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. प्राजक्ता भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, खायचं काही असेल ते. जेवत नाहीत म्हणताय ना?"

"अगं, खायच्या वस्तूला कुणी 'जी' लावतं का? तू कधी म्हणतेस का, भाकरीजी वाढू? पिठलंजी घ्या?"

ती गप्प बसली. माझ्या तर्कापुढं ती नेहमीच गप्प बसते. त्याला कंटाळा म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

मी 'चाकण अ‍ॅडमिन परिवार' या ग्रुपवर मेसेज टाकला: 'एक कोरियन साहेब आपले जुने स्नेही नुरुंगजी यांच्या शोधात आहेत. बारीक, सावळे, भाजल्याची खूण. माहिती असल्यास कळवा.' दोन तासांत तो मेसेज पिंपरी, भोसरी, तळेगाव असा फिरून माझ्याकडेच परत आला. तोवर नुरुंगजी ओ साहेबांचे जत्रेत हरवलेले सख्खे भाऊ झाले होते आणि खाली लिहिलं होतं, 'एक शेअर दोन भावांची भेट घडवू शकतो.'

आणि शुक्रवारी दुपारी फोन वाजला! आकुर्डीहून.

"मी कुलदीप नारंग बोलतोय. लोक मला नारंगजी म्हणतात. ते कोरियन साहेब मला शोधतायत म्हणे?"

नारंगजी! नुरुंगजी! कोरियन जिभेला 'नारंग' कुठून जमणार? मी पडत्या पावसात आकुर्डी गाठली. दार उघडलं आणि माझ्या अंगावर काटा आला. वय एकाहत्तर, अंगानं काडीसारखे, रंग सावळा आणि डाव्या मनगटावर भाजल्याचा हा एवढा डाग!

"फाउंड्रीत होतो पस्तीस वर्षं," ते म्हणाले. चाळीस वर्षं आकुर्डीत काढल्यानं त्यांचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. "हा डाग तिथलाच."

"कोरियाला कधी गेला होतात का?" मी श्वास रोखून विचारलं.

"गेलो होतो ना! अठ्ठ्याण्णव साली. कंपनीनं पंधरा दिवस ट्रेनिंगला पाठवलं होतं."

मी सोफ्यावरच बसलो. आता पुरावा तो काय राहिला!

नारंगजींनी कपाटातून एक फोटो काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. कारखान्याचं गेट, मागं डोंगर, पुढं कोट घातलेले, काळ्या केसांचे नारंगजी. "तिथं एक मिस्टर ली होते. हसरे. ते असतील का? नाहीतर दुसरे मिस्टर ली. तीन होते."

"हे मिस्टर ओ आहेत."

"आठवत नाही," ते कष्टी होऊन म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पण त्याला मी आठवतो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी! मुलं दोन्ही कॅनडात. बायको गेली. इथं खालच्या मजल्यावरच्यांना माझं नाव माहीत नाही हो, शेखरभाऊ. आणि तिकडचा माणूस मला आठवून रडतो?"

शनिवारी त्यांनी तोच अठ्ठ्याण्णवचा कोट इस्त्री करून घातला.

कंपनीत मी कसर ठेवली नाही. शॉपच्या दारात बॅनर. त्यावर इंग्रजीत हातभर अक्षरांत 'वेलकम नुरुंगजी'. टेबलावर पुष्पगुच्छ आणि पेढे, शेजारी ढोल वाजवणारे पेंटशॉपचे दोघं. जयसिंग साहेबांनी भावुक होऊन लाईन अर्धा तास थांबवली. दीडशे माणसं गोल करून उभी. मारुतराव तर आधीच डोळे पुसत होते.

ओ साहेबांना बोलावलं. ते आले, बॅनर वाचला आणि त्यांचा चेहरा असा उजळला, असा उजळला, की मला वाटलं माझा जन्म सार्थकी लागला! ते लगबगीनं पुढं आले. आणि नारंगजींच्या शेजारून थेट टेबलाकडे गेले! पेढ्यांचा खोका उघडून बघितला. गुच्छाच्या मागं बघितलं. टेबलाखाली वाकून बघितलं.

"व्हेअर?" त्यांनी विचारलं.

"हिअर!" मी नारंगजींना पुढं ढकललं.

नारंगजी कमरेत वाकले. ओ साहेब वाकले. नारंगजींना वाटलं आपण कमी वाकलो, ते पुन्हा वाकले. ओ साहेब त्याहून खाली. तिसऱ्या खेपेला दोघांची डोकी टण्णकन आपटली आणि पेंटशॉपच्या पोरांनी ढोल सुरू केला.

"नुरुंगजी!" मी ओरडून सांगितलं.

ओ साहेबांनी नारंगजींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बॅनरकडे पाहिलं. मग कपाळ चोळत, अत्यंत अदबीनं म्हणाले, "नो, नो. नुरुंगजी... ईट." आणि हातानं घास घेऊन तोंडात घातल्याचं करून दाखवलं.

ढोल थांबला.

"खाणार?" नारंगजी दोन पावलं मागं सरले.

गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "पण राव, यांच्यात खायला आहे काय?"

मी घाम पुसत योगिनीला फोन लावला. तिकडं सनईचा आवाज. तिची हळद चालू होती. मी एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून असा किंकाळीवजा आवाज आला की मला वाटलं लग्न मोडलं. ती हसत होती!

"शेखर सर! नुरुंगजी म्हणजे भाताच्या बुडाची खरवड हो! पातेल्याला लागलेला भात. त्यात गरम पाणी घालून खातात ते!"

फोन स्पीकरवर होता. दीडशे माणसांनी ऐकलं.

जयसिंग साहेब माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे शेखरराव, आपण लाईन थांबवून करपलेल्या भाताचा सत्कार केला."

जो काही हशा झाला! सगळ्यांत मोठ्यानं नारंगजी हसले. पण हसता हसता त्यांनी खिशातून अर्धवट काढलेला तो फोटो हळूच परत सरकवला. ते माझ्या ध्यानात आलं. काय करून बसलो होतो मी!

ओ साहेबांच्याही ते ध्यानात आलं. योगिनी त्यांना फोनवरून त्यांच्या भाषेत सगळी कथा सांगत होती. ते ऐकत होते आणि बघत होते नारंगजींकडं. त्यांनी दोन्ही हात पुढं करून फोटो मागितला. बराच वेळ पाहिला. मग मागच्या डोंगरावर बोट टेकवलं.

"चांगवॉन," ते म्हणाले. "माय होम."

"साहेब म्हणतायत," योगिनी भाषांतर करू लागली, "या डोंगराच्या पलीकडं त्यांचं घर होतं. विचारतायत, तुम्हाला तिथलं काय आठवतं?"

नारंगजींनी घसा साफ केला. "थंडी! दात वाजायचे. आणि मी पडलो पक्का शाकाहारी. सगळ्यात मासे! शेवटी एका खाणावळीच्या बाईला माझी दया आली. ती रोज मला वाडगाभर गरम पाणी द्यायची, त्यात जळका भात तरंगायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, भांडं विसळलेलं पाणी देतेय! पण पोटात गेलं आणि असं वाटलं... आईनं दिलंय. पंधरा दिवस त्याच्यावर जगलो मी."

फोनमधून योगिनीचा आवाज आला, जरा ओला. "नारंगजी, तेच. तेच नुरुंगजी."

तिनं ओ साहेबांना सांगितलं. ओ साहेबांनी नारंगजींचे दोन्ही हात धरले, आणि मग कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.

मी दोघांना गाडीत घातलं आणि थेट घरी आणलं. वाटेत प्राजक्ताला फोन केला, "भात लाव. आणि करपव!"

"मी सांगितलं होतं ना, खायचं असेल म्हणून?" एवढंच ती म्हणाली.

खरी अडचण आई होती. अंबुबाई! उभ्या आयुष्यात जिनं भात लागू दिला नाही. ती ओट्यासमोर हात पसरून उभी राहिली.

"करपल्याला भात? दारात आल्याल्या पाव्हण्याला? आरं, तुझा बाप वरनं बघतोय! म्या न्हाई वाढायची!"

"आई, त्यांना तेच हवंय!"

"माणूस लाजंनं म्हनतो तसं. आपल्याला कळाया नगं व्हय?"

कुकरमध्ये खरवड धरत नाही, म्हणून माळ्यावरून पितळी पातेलं काढलं. पहिला भात आईनं सवयीनं गुपचूप पाणी शिंपडून वाचवला. मोगऱ्यासारखा! प्राजक्तानं कपाळाला हात लावला. दुसऱ्या खेपेला मी सूत्रं हाती घेतली आणि गॅस पूर्ण मोठा केला. पाच मिनिटांत घरात असा धूर झाला की वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी बादली घेऊन धावत आले. बाहेर सोफ्यावर ओ साहेब आणि नारंगजी रुमाल तोंडाला लावून एकमेकांना धीर देत होते. पातेल्याच्या बुडाशी जे होतं त्यानं पाटीवर लिहिता आलं असतं.

शेवटी आईला राहवलं नाही. "सरा समदी! एक काम धड करू न्हाई येत." तिनं तिसऱ्यांदा भात चढवला. तिच्या माहेरचा, मावळातला इंद्रायणी तांदूळ. चिकट, वासाचा. वाफ आल्यावर गॅस अगदी बारीक केला आणि पातेल्यापाशी कान नेऊन उभी राहिली.

"काय ऐकताय, आत्या?" प्राजक्तानं विचारलं.

"गप. भात बोलाया लागंल." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आमी सहा भावंडं. आई खरवड काढायची तवा सहाजणं चुलीम्होरं बसायचो. ज्याला ताप आल्याला आसंल, त्याला मोठा तुकडा. म्या कितीदा खोटा ताप आनलाय!"

पातेल्यात बारीक तडतड सुरू झाली. आईनं गॅस बंद केला, वरचा भात काढला आणि उलथनं घालून बुडाची खरवड सोडवायला लागली. खर्र... खर्र...

तो आवाज बाहेर गेला. ओ साहेब उठले. बूट दारात काढलेले, पायांत मोजे, तसेच स्वयंपाकघराच्या चौकटीत येऊन उभे राहिले. आईनं त्यांच्याकडं बघितलं, मग हातातल्या सोनेरी तुकड्याकडं बघितलं आणि तिला कळलं. मला इंग्रजीत दोन दिवसांत जे कळलं नव्हतं, ते तिला एका नजरेत कळलं. तिनं तुकडा वाडग्यात घातला, वर कढत पाणी ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं.

"बस, लेकरा," ती त्या सत्तावन्न वर्षांच्या माणसाला म्हणाली.

ते तिथंच फरशीवर बसले. वाडगा दोन्ही हातांत धरून एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मग खांदे हलायला लागले. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "खा. आजून हाय."

नारंगजी मागून आले, त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि वाडग्यात डोकावत म्हणाले, "बहेनजी, मलाही ताप आहे."

सोमवारी ओ साहेब माझ्या टेबलापाशी आले, ते पत्र उचललं, चार घड्या करून खिशात घातलं आणि कँटीनकडं निघून गेले. मी मेल पाठवला नाही. जयसिंग साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "साहेबांचं समाधान झालंय." कसं, ते त्यांनी विचारलं नाही. अर्धा तास थांबलेली लाईन त्यांच्या अजून डोक्यात होती.

आता दर रविवारी दुपारी आमच्याकडं भात मुद्दाम लावला जातो. आकुर्डीहून नारंगजी येतात, ओ साहेब येतात. आई दोघांना जुन्या गोष्टी सांगते. ओ साहेबांना त्यातलं एक अक्षर कळत नाही आणि बरोबर हसायच्या जागी ते हसतात. पट्ट्याची भोकं उलट्या दिशेनं चालली आहेत. खरवडीचा मोठा तुकडा ओ साहेबांना, दुसरा नारंगजींना, कडेचं कुरकुरीत प्राजक्ताला, उरलंसुरलं आईला.

माझ्या वाट्याला पातेलं येतं. घासायला!